कोरडी वाइन आणि तांब्याची पळी

महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या बाईला लोक सहसा दोन प्रश्न विचारतात. हल्लीच्या मुलांना शुद्ध लिहिता येते का, हा पहिला. आणि तुम्ही स्वतः काही लिहिता का, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची माझी उत्तरे ठरलेली आहेत. पण ‘ह्यापूर्वी कोठे होता?’ असे कोणी सहज विचारले की पंचाईत होते. कारण मी खरे तेच सांगते, ‘वाइनच्या कारखान्यात.’ विचारणारा थबकतो. आपल्या ऐकण्यात चूक झाली असे त्याला वाटते. एका बाईंनी तर माझ्या वतीने चूक दुरुस्तही करून टाकली होती. ‘वाचनालयात का? वा! छान,’ म्हणाल्या. मी त्यांना तसेच जाऊ दिले.

पण कारखाना वाइनचाच होता. नाशिकहून पूर्वेला निफाड ओलांडून विंचूरकडे जाऊ लागले की दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. त्या बागांत तो होता आणि २००५ च्या जानेवारीपासून २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे द्राक्षांचे सहा हंगाम, मी त्यात नोकरी केली. आता तो नाही. कारखाना फार मोठा नव्हता. अकरा टाक्या, एक बाटल्या भरण्याचे यंत्र, ओकच्या लाकडाची चोवीस पिंपे आणि हंगामात चाळीसेक माणसे. त्याचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही. नावाची पाटी उतरविली त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

मराठीची एम. ए. झालेली मुलगी तेथे कशी गेली, हे तुम्ही विचारालच. २००४ साली मी एम. ए. झाले, तेव्हा प्राध्यापकीच्या जागा निघत नव्हत्या आणि पात्रता परीक्षा अजून पदरात पडायची होती. माझे वडील हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एक जुना विद्यार्थी संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला. मोठा द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना दादा म्हणत. बोलता बोलता म्हणाले, ‘सर, कारखाना उभा केला, पण कागद वाचणारं माणूस मिळेना. यंत्राचा कागद इटालियन, विरजणाचा कागद फ्रेंच, मॅडम बोलतात इंग्रजी आणि टाकी धुणारा पोरगा शिकलाय मराठी पाचवी. कुठं किती काय घालायचं हे त्याला कळेल असं भिंतीवर लिहून देणारं कोणी पाहिजे. शेतकऱ्यांचे करार आहेत, उत्पादन शुल्क खात्याला मराठीत पत्रं द्यायची आहेत.’

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. स्वयंपाकघरात आईचे भांडे आपटल्याचा आवाज झाला. तेवढ्यावर माझी मुलाखत संपली.

त्या काळात नाशिक जिल्ह्यात वाइनचे वारे होते. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले ह्यांनी १९८० नंतरच्या दशकातच फसफसणारी वाइन करून ती परदेशी धाडली होती. नाशिकजवळ राजीव सामंत ह्यांनी १९९७ मध्ये वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली बाटली बाहेर पडली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनवरचे उत्पादन शुल्क माफ केले आणि विंचूर व सांगली जिल्ह्यातले पलूस येथे वाइन पार्क काढले. दर वर्षी गारपीट, दर वर्षी व्यापारी आणि दर वर्षी पडलेला भाव ह्यांनी गांजलेल्या बागायतदाराला हा एक दरवाजा उघडल्यासारखा वाटला. दादा त्या दरवाजातून पहिल्या धडाक्यात आत शिरलेल्यांपैकी.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मला तेथे गेल्यावर कळले. आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन. लांबोडी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची आणि बियांनी भरलेली. पाहुण्यापुढे ठेवली तर पाहुणा पुन्हा येणार नाही. आणि जन्मभर ‘घड वाढवा, मणी फुगवा’ हे शिकलेल्या शेतकऱ्याला येथे सांगावे लागे, की वेलीवरचे निम्मे घड काढून टाका, म्हणजे उरलेल्यांत चव उतरेल. एक म्हातारे बागायतदार हे ऐकून उठूनच गेले. दारातून वळून म्हणाले, ‘पोटुशी बाईला कुणी असं सांगतं का?’ त्यांची समजूत घालायला दादांना दोन खेपा कराव्या लागल्या.

नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलातली खरड छाटणी, ती लाकडासाठी. आणि पावसाळ्याअखेरची गोडी छाटणी, ती फळासाठी. फ्रान्सात वेल हिवाळ्यात झोपते. आमच्याकडे तिला झोप नाही, दोनदा कापून जागे करावे लागते. मण्यात ‘पाणी उतरले’ की फळ मऊ पडू लागते, काळ्या जातीला रंग चढतो आणि मग रोज सकाळी गोडी मोजायची. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. त्या थंड रात्रींनी द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणा नसेल तर वाइन म्हणजे नुसते मचूळ सरबत. गोडी बावीस-तेवीसवर आली की तोडा. टनाला सुमारे सहाशे ते सातशे लिटर वाइन मिळते. म्हणजे एका बाटलीत किलोभर द्राक्षे जातात असे ढोबळ मानाने समजा.

माझे पहिले काम भिंतीवरच्या पाट्यांचे. आणि पहिल्याच पाटीला मी अडले. मॅडमनी लिहून दिले होते, की अमुक टाकीतली वाइन ‘ड्राय’ झाली म्हणजे तिचे तापमान उतरवायचे. मॅडम म्हणजे आमच्या वाइनमेकर. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम. एस्सी., माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मी सरळ ‘कोरडी झाल्यावर’ असे लिहिले. दुपारी टाक्यांच्या दालनात हशा पिकलेला. तीन हजार लिटर पातळ पदार्थ कोरडा कसा व्हायचा? एक पोरगा फडके घेऊन टाकी पुसण्याचा अभिनय करीत होता.

तेथले मुकादम नाना पूर्वी दूध संघात होते. यंत्रे आणि नळ्या धुण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि वाइनचा धंदा म्हणजे चार आणे द्राक्षे आणि बारा आणे धुणे, असे मॅडमही म्हणत. नाना विचार करून म्हणाले, ‘मास्तरीणबाई, साखर संपली म्हणायचं आहे ना तुम्हांला? मग, दूध आटलेल्या गाईला आम्ही भाकड म्हणतो. तसं लिहा. भाकड वाइन.’ हा शब्द दादांनी बाटलीवर येऊ दिला नसता हे उघड आहे. शेवटी पाटीवर ‘साखर संपलेली’ असे साधेसरळ लिहिले. पण कामगारांत ‘सात नंबर भाकड झाली’ हीच परिभाषा पाच वर्षे चालली, आणि ती कोणाला कधी चुकीची समजली नाही.

माझ्या लक्षात असे आले, की मी शब्द शोधीत बसले होते आणि शब्द तेथे आधीच हजर होते. यीस्टला ते विरजण म्हणत. तांबड्या वाइनमध्ये साली फुगून वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगतो. त्याला इंग्रजीत टोपी म्हणतात, आमच्याकडे ती साय झाली. ही साय दिवसातून तीनदा रसात बुडवावी लागते, नाहीतर वरच्यावर आंबून तिचे व्हिनेगर होते. पिळून उरतो तो चोथा. तळाला बसतो तो साका. वरची स्वच्छ वाइन दुसऱ्या टाकीत ओढायची, ती निवळ. वाइन नितळ व्हावी म्हणून बेंटोनाइट नावाची माती घालतात, ती ‘मुलतानी’. शास्त्रदृष्ट्या हे सगळे तंतोतंत नसेल. पण पाचवी शिकलेल्या मुलाला काय करायचे ते अचूक कळे.

एक पाटी मात्र मी फार विचार करून लिहिली. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, हवेहून जड असल्याने तो तळाशी साचून राहतो. रिकामी दिसणारी टाकी धुवायला माणूस आत उतरतो आणि परत येत नाही. वाइनच्या धंद्यात अशी माणसे जगभर गेली आहेत. ‘प्राणवायूचा अभाव’ वगैरे मी चार मसुदे केले. मग मला आठवले, की आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. पाटीवर लिहिले: ‘टाकी ही बुजलेली विहीर समजा. पंखा लावून कंदील जळतो का पाहिल्याखेरीज उतरू नका.’ सहा हंगामांत कोणी पंख्याशिवाय उतरले नाही.

द्राक्षे निवडायला पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून बायका येत. त्या माळावर झोपड्या टाकून राहत. मोहाचे पाणी कसे आंबते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्यांच्यातली एक वयस्क बाई संध्याकाळी घरी जाताना टाकीला कान लावी. आत बुडबुड्यांचा बारीक आवाज चाले. एके दिवशी ती मॅडमना म्हणाली, ‘ही बोलायची थांबली.’ मोजणीच्या वेळेला अजून चार तास होते. मॅडमनी पाहिले तर खरेच आंबणे मध्येच अडकलेले. टाकी रात्रभर कोमट ठेवून, ताजे विरजण लावून तिला पुन्हा बोलती केली. त्यानंतर मॅडमच्या वहीत ‘कानाने’ असा एक वेगळा रकाना आला.

आता वासाच्या रजिस्टरबद्दल सांगायला हवे. वाइनची चव घेणारे लोक तिचे वर्णन करताना फळाफुलांची नावे घेतात. मॅडमच्या पुस्तकात गूसबेरी, ब्लॅककरंट, हनिसकल अशी नावे होती. आम्ही कोणी ती पाहिलेली नव्हती. मॅडमनीही नव्हती, हे त्यांनीच एकदा कबूल केले. दादा म्हणाले, ‘जे कधी हुंगलं नाही त्याचा वास आला असं लिहिणं म्हणजे खोटी साक्ष.’ तेव्हा ठरले, की आपल्या नाकाला ओळखीचे तेच लिहायचे. दर शनिवारी चार वाजता मॅडम, नाना, मी, बाटल्या भरणाऱ्या दोन मुली आणि कोणी एक शेतकरी असे बसायचे. पेल्यात तळाला दोन घोट. हुंगायचे, तोंडात घोळवायचे आणि पिकदाणीत थुंकायचे. हो, थुंकायचे! चव घेणारा माणूस प्यायला लागला तर तिसऱ्या पेल्यापासून त्याच्या साक्षीला किंमत उरत नाही.

सोविन्यों ब्लाँला पहिल्या दिवशी नानांनी ‘ढोबळी मिरची चिरल्याचा वास’ म्हटले. मॅडम चकित झाल्या, कारण दोहोंतला वासाचा पदार्थ एकाच जातीचा आहे. पुढे रायआवळा, कापलेले गवत आणि कैरीचा चीक ह्यांची भर पडली. शेनें ब्लाँला पेरू. तोही पिकलेला नव्हे, गाभुळलेला. शिराझला काळी मिरी आणि जांभूळ. पिंपात मुरलेल्या शिराझला एका मुलीने ‘आजीच्या पेटीतला’ असे लिहविले. विचारता विचारता कळले की आजीच्या लाकडी पेटीत लवंगा आणि जायफळ असे. आणि दोषांसाठी तर आपल्या भाषेत केवढी श्रीमंती आहे! कुबट, खवट, करपट, ओशट, आंबूस, हिरवट, उग्र, दर्प. पुस्तकातल्या इंग्रजीत दोषाला एखादे रासायनिक नाव असे. आमच्या रजिस्टरात त्याच दोषाच्या पाच पायऱ्या होत. मी विद्यापीठात भाषाविज्ञान शिकले, पण शब्दाची धार म्हणजे काय ते त्या शनिवारी चारच्या बैठकीत कळले.

२००६ च्या हंगामात तीन नंबरच्या टाकीला नासक्या अंड्याचा वास मारू लागला. विरजणाला पुरेसे खाद्य मिळाले नाही की ते गंधकाचा असा वायू सोडते. दादांचा चेहरा उतरला. त्या टाकीत चार शेतकऱ्यांचा माल होता. मॅडम मला म्हणाल्या, ‘तुमच्याकडे घरी तांब्याचं काही आहे का? स्वच्छ, कल्हई नसलेलं?’ दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या संध्येची पळी पिशवीत घालून नेली. मॅडमनी दुर्गंधी वाइनचा एक पेला घेतला, पळीने मिनिटभर ढवळला आणि माझ्या नाकाशी धरला. वास नाहीसा! पेरूचा मंद वास तेवढा उरलेला. तांबे त्या गंधकाला धरून ठेवते. इलाज तांब्याने होणार हे पेल्यात सिद्ध झाले, मग टाकीसाठी तांब्याच्या क्षाराची अगदी सूक्ष्म मात्रा मोजून घातली आणि वाइन वाचली.

संध्याकाळी पळी परत नेली तर वडील ताम्हन पुढे घेऊन माझी वाटच पाहत बसलेले. मी झाला प्रकार सांगितला. आईने पळी चिंचेने तीनदा घासली. वडील मात्र काही न बोलता उठले आणि कपाटातून कौटिल्याचे अर्थशास्त्र काढून आणले. त्यात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. द्राक्षाच्या रसापासून केलेल्या पेयाला कौटिल्य ‘मधु’ म्हणतो आणि प्रदेशांवरून पडलेली त्याची नावे देतो: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आज अफगाणिस्तानात असलेला बेग्रामचा परिसर; तिचा उल्लेख पाणिनीच्या सूत्रातही आहे. ‘म्हणजे पेयाला गावाचं नाव देण्याची रीत फ्रेंचांच्या आधी आपल्याकडे होती,’ वडील म्हणाले. त्या दिवसापासून कारखान्यात तपासणीला येणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकांना ते ‘तुमचे सुराध्यक्ष’ म्हणू लागले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वडिलांनी ते कात्रण त्याच पानात ठेवले. ते अजून तेथे आहे.

आईला मात्र पाणिनीचे काही नव्हते. तिची काळजी वेगळी होती आणि ती खोटी नव्हती. मी पंचविशीची. स्थळे येत होती. ‘मुलगी काय करते?’ ह्या प्रश्नाला आईने ‘द्राक्षप्रक्रिया उद्योगात आहे’ असे उत्तर बसविले होते. लोकांना मनुके वाटत. एका ठिकाणी मुलाच्या आत्याबाई हुशार निघाल्या. त्यांनी पोहे खाली ठेवले आणि सरळ मलाच विचारले, ‘तिथं पिता का?’

मी म्हटले, ‘नाही, थुंकते.’

ते स्थळ पुढे गेले नाही. ज्यांच्याशी पुढे लग्न झाले, ते चहाखेरीज काही घेत नाहीत आणि चहालाही नावे ठेवीत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दारूने घरे बुडालेली मी आमच्या आळीत पाहिली होती, आणि आईच्या मनातला धसका त्यातूनच आलेला. वाइनमध्ये मद्यार्क असतो; बारा-तेरा टक्के असतो; तो नाही असे म्हणणे खोटेपणाचे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे ह्यावर केवढा गदारोळ झाला! मी ते वाद ऐकले. एका बाजूला शेतकऱ्याचे भले तोंडी लावायला, दुसऱ्या बाजूला संस्कृती. दोन्हीकडच्या मंडळींपैकी कोणी एकदा तरी फेब्रुवारीच्या पहाटे थंडीत काकडत घड तोडले असतील, असे मला वाटले नाही.

आता जे सांगायचे ते फार लांबवीत नाही.

द्राक्षाची वेल लावल्यापासून तिसऱ्या वर्षी धरते. २००५-०६ मध्ये वाइनच्या भरवशावर जिल्ह्यात लागवड वाढली, ती सारी पुऱ्या फळावर आली २००८-०९ ला. आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाईक आटले. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. २६ नोव्हेंबरला मुंबईत हल्ला झाला. ताज आणि ओबेरॉय पेटलेले आम्ही दूरचित्रवाणीवर पाहिले. माणसे मेली होती, तेव्हा आपल्या मालाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. तो पंधरा दिवसांनी आला. दादांचा बहुतेक माल मोठ्या हॉटेलांत आणि गोव्यात जाई. परदेशी पाहुण्यांनी त्या हिवाळ्यात पाठ फिरविली. ऑर्डरी रद्द झाल्या, जुनी येणी अडली. वाइन काही साबण नव्हे की वर्षभर फळीवर ठेवली तर चालेल. तिला थंडावा लागतो, थंडाव्याला वीज लागते, विजेला पैसा लागतो, आणि बँकेचे व्याज उष्णतेशिवायही वाढते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस नाशिकच्या बागांवर ऐन नाजूक अवस्थेत कोसळला. तरीही जगले-वाचलेले घड २०१० च्या फेब्रुवारीत पिकलेच. वेलीला मंदी कळत नाही.

त्या महिन्यात अकरांपैकी सात टाक्या जुन्या, न विकलेल्या वाइनने भरलेल्या होत्या, आणि चौदा शेतकऱ्यांचा शिराझ उभा होता. जिल्ह्यात कित्येकांचा माल त्या वर्षी कोणी उचलला नाही. पुढे लोकांनी बागा मुळासकट काढल्या. मॅडमनी दादांना आकडे मांडून दाखविले. माल घेतला तर कारखाना उन्हाळा काढणार नाही. दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, करार कागदावर आहेत ते ठीक. पण ह्या चौदा जणांनी माझ्या शब्दावर थॉम्पसन उपटून शिराझ लावली. म्हाताऱ्याला मी दोनदा जाऊन सांगितलं होतं, निम्मे घड काढ म्हणून. त्यानं काढले. आता ट्रॅक्टर दारातून कुठल्या तोंडानं परत लावू?’

माल घ्यायचे ठरले. त्याला जागा हवी होती. दोन टाक्यांतली २००८ ची शेनें उतरणीला लागली होती. ती बाजारात जाण्याजोगी उरली नव्हती. पण वाइन अशी गटारात सोडता येत नाही. उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, अधिकाऱ्यासमोर मोजावी लागते, पंचनामा होतो. ‘खराब झालेली वाइन नष्ट करण्यास परवानगी मिळणेबाबत’ असा विषय घालून मी तो अर्ज लिहिला. सहा वर्षांत मी त्या खात्याला शंभरेक पत्रे लिहिली असतील. एवढे बिनचूक पत्र दुसरे नसेल.

परवानगी आली. निरीक्षक आले. वडिलांचे सुराध्यक्ष! सरळ माणूस, सहा वर्षांत आमच्याकडे चहाखेरीज काही घेतलेले नाही. त्यांनी पट्टीने माप घेतले, नोंद केली, मान हलविली. नानांनी झडप उघडली. सांडपाण्याच्या हौदाकडे जाणाऱ्या नळीतून धार लागली आणि सारे दालन एका वासाने भरून गेले. निरीक्षक इकडेतिकडे पाहू लागले.

‘बाई, पेरू कुठे ठेवलेत हो इथे?’

मी काही न बोलता रजिस्टर आणून त्यांच्यापुढे धरले. १६ फेब्रुवारी २००८, शेनें ब्लाँ, टाकी पाच: ‘गाभुळलेला पेरू’. खाली सहा जणांच्या सह्या. त्यांनी ते वाचले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि धार संपेपर्यंत उभे राहिले. नाना तर झडपेकडे पाठ करून टाकी धुण्याची नळी जोडू लागले होते. त्यांना काम पुढे दिसत होते.

शेवटचा शिराझ उत्तम उतरला, हे सांगायला हवे. घड कमी, साल जाड, रंग गडद. पण त्याच्या बाटल्या आमच्या नावाने निघाल्या नाहीत. मेमध्ये तो दुसऱ्या एका कारखान्याने टाकीच्या भावाने घेतला. जूनमध्ये वीज तोडली. दादांनी रस्त्याकडेचा थॉम्पसनचा बाग विकून चौदा जणांचे पैसे चुकते केले. त्याला तीन वर्षे लागली. आमचा शेवटचा दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. तो मागावा असे कोणाला वाटले नाही असे मात्र समजू नका. नाना दोनदा मागायला गेले होते. दोन्ही वेळा दादांच्या घरी जेवून परत आले.

पोलादी टाक्या एका दूध डेअरीने घेतल्या. नाना त्या बसवून द्यायला गेले आणि तेथेच राहिले. पिंपे अर्धी कापून एका हॉटेलच्या दारात कुंड्या म्हणून लागली. त्यांत शेवंती बरी येते. सुरगाण्याच्या बायका अजून येतात, पण गोडी छाटणीला आणि थॉम्पसनच्या बागांत. जिल्ह्यातला धंदा पुढे सावरला, काही कारखाने मोठे झाले, शनिवार-रविवारी तेथे मुंबईपुण्याच्या गाड्यांची रांग लागते. मॅडम त्यांतल्याच एका ठिकाणी आहेत. म्हाताऱ्या बागायतदारांनी शिराझ काढली तेव्हा बांधाची एक ओळ ठेवली. पाखरे खातात, असे ते सांगत.

वासाचे रजिस्टर माझ्याकडे राहिले. शहाण्णव पाने आहेत. कडेला वाइनचे डाग पडून ती जांभळी झाली आहेत. गेल्या हंगामात मॅडमचा दूरध्वनी आला. त्यांच्याकडची नवी मुले पुस्तकात पाहून अजूनही ‘गूसबेरी’ लिहितात आणि गूसबेरी कोणी पाहिलेली नाही, तेव्हा रजिस्टराची प्रत धाडाल का? मी धाडली. आठ दिवसांनी पुन्हा दूरध्वनी. निम्मी मुले बिहारची आहेत, त्यांना ‘रायआवळा’ही कळत नाही, आता काय करू?

मी सांगितले, रायआवळ्याची एक पिशवी आणून टेबलावर ठेवा, प्रत्येकाला एकेक खायला द्या, आणि ते काय म्हणतात ते समोरच्या रकान्यात लिहून घ्या.